‘तिला काय विचारता, मी सांगते ना’ : एका कर्णबधिर ऊसतोड महिलेच्या उपचारांचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. हे प्रकरण आमच्या ओपीडीत आणि बायकांच्या वॉर्डात घडलं. ओळख पटू नये म्हणून काही घरगुती तपशील बदलले आहेत. रुग्ण महिलेला मी इथे नुसतं ताई म्हणते. लिहू का, हे तिला विचारूनच लिहिलं आहे.

ताई तिशीच्या पुढची, तीन लेकरांची आई. जन्मापासून ऐकू येत नाही. शाळा पाहिलेली नाही, त्यामुळे लिहिता-वाचता येत नाही. बधिर मुलं वसतिगृहात एकमेकांकडून जी सांकेतिक भाषा उचलतात, तीही तिच्या वाट्याला आली नाही. घरच्या माणसांशी घरच्याच खुणांनी बोलते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीत दोघांची एक जोडी धरलेली. दिवाळी झाली की मुकादमाच्या टोळीतून कारखान्याला जायचं, पाडव्याच्या आगेमागे परतायचं, असं लग्नापासून चाललेलं.

त्या वर्षी परतल्यावर आठवड्याभरात सासूबाई तिला घेऊन आमच्याकडे आल्या. बरोबर ताईची थोरली मुलगी, नऊ वर्षांची. सासूबाईंच्या पिशवीत एका खाजगी दवाखान्याची फाइल होती. अंगावरून पांढरं जातं, पाळीत फार जातं, ओटीपोट दुखतं, म्हणून तिथे दाखवलं होतं. गर्भपिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल, असं सांगून ऑपरेशनचा खर्चही सांगितला गेला होता. तो झेपणारा नव्हता, म्हणून त्या सरकारी दवाखान्यात आल्या.

आमच्या भागात हे वाक्य नवीन नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यात बायकांचा आणि घरच्यांचा हिशोब सरळ असतो. पाळीत काम बुडलं की खाडा पडतो, खाड्याचे पैसे हंगामाआधी घेतलेल्या उचलीतून कापले जातात, कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, ना मोरी ना पुरेसं पाणी. पिशवी गेली की कटकट गेली. ताईच्या सासूबाईंची स्वतःची पिशवी पस्तिशीत काढलेली होती. ‘माजी काढली, मला काय झालं?’ असं त्यांनी मला विचारलं तेव्हा एक हात त्यांच्या कमरेवर होता. ती कंबर त्या ऑपरेशनपासून दुखते आहे, हे त्यांनीच पुढे सांगितलं.

अडचण

पहिल्या दिवशी काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण पुढच्या सगळ्या चुकांची मुळं तिथे आहेत.

नोंदणीच्या खिडकीवर केसपेपर निघाला तेव्हा नावापुढे ‘मुकी’ असं लिहून आलं. गावात तिला तसंच म्हणतात, सासूबाईंनी तसंच सांगितलं, लिहिणाऱ्याने लिहिलं. मी तो कागद हातात घेतला, वाचला आणि पुढे दिला.

आठवड्यातून एकदा येणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी विचारायला सुरुवात केली. पाळी किती दिवसांनी येते, किती दिवस जाते, कधीपासून. प्रत्येक प्रश्नाला सासूबाईंचं उत्तर तयार. मॅडम म्हणाल्या, ‘मावशी, तिला विचारू द्या.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘तिला काय विचारता, मी सांगते ना. तिला काय कळतंय.’ त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. बारा-तेरा वर्षं त्याच तर तिच्या वतीने बोलत आल्या होत्या, दुकानात, बँकेत, दवाखान्यात.

मग आम्ही मुलीला मध्ये घेतलं. मुलगी चुणचुणीत होती, आईच्या खुणा तिला सगळ्यांत चांगल्या कळायच्या. दुखतं का, कुठे दुखतं, इथवर ठीक चाललं. पण पुढचा प्रश्न पांढऱ्या पाण्याला वास येतो का, हा होता, आणि तो मी त्या नऊ वर्षांच्या लेकराला आईला विचारायला सांगितला. मुलीने आजीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. आईला तिने काहीतरी अर्धवट खूण केली, आईने मान हलवली, मुलगी म्हणाली, ‘हो म्हणते.’ पुढच्या तीन प्रश्नांनाही ‘हो म्हणते’.

मला शंका आली म्हणून मी मुलीकरवीच विचारलं, जेवली का? ताईने मान हलवली. उपाशी आहे का? तीच मान, तशीच. समोरचा माणूस लांब चेहरा करून वाट बघत असला की मान हलवली म्हणजे प्रसंग टळतो, हे ती आयुष्यभर शिकली होती. तिच्या मान हलवण्याला आम्ही उत्तर समजत होतो आणि त्यावर केसपेपर भरत होतो.

फाइलमधल्या सोनोग्राफीच्या अहवालात एक ओळ होती : गर्भाशय किंचित मोठं, कॉपर-टी जागेवर. मॅडमनी विचारलं, कॉपर-टी कधी बसवली? सासूबाई म्हणाल्या, ‘आमच्यात तसलं कुणी बसवत नाही.’ तपासणीत धागा स्पष्ट दिसला. म्हणजे शरीरात वस्तू होती आणि ती असल्याचं घरात कुणाला ठाऊक नव्हतं. रक्तस्राव त्या वस्तूच्या आधीपासून होता की नंतर सुरू झाला, यावर सगळं निदान अडलं होतं. ते सांगू शकणारं माणूस समोर बसलेलं होतं आणि आम्हाला त्याच्याशी बोलता येत नव्हतं.

पहिला निर्णय : घाई करायची की थांबायचं

हिमोग्लोबिन ७.८ आलं. ऑपरेशन करायचं म्हटलं तरी आधी रक्त वाढवणं भाग होतं, त्यामुळे आम्हाला काही दिवस आपोआप मिळाले. ताईला लोहाच्या सलाईनसाठी दाखल केलं. सासूबाईंचा आग्रह जिल्ह्याला पाठवण्याचा होता, ‘चिठ्ठी द्या, आम्ही बघतो.’ चिठ्ठी देणं सोपं होतं. मॅडमनी नकार दिला आणि कारणही सांगितलं.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १० मध्ये म्हटलं आहे की ज्या वैद्यकीय प्रक्रियेने मूल होण्याची क्षमता जाते, ती दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतःच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येणार नाही. गर्भपिशवी काढणं ही अशीच प्रक्रिया आहे. नवऱ्याची सही, सासूचा अंगठा यातलं काहीही तिच्या संमतीच्या जागी चालत नाही. मॅडम मला म्हणाल्या, ‘सिस्टर, हिला समजलंय असं तुम्ही मला सांगाल तेव्हाच मी पुढे जाईन.’ कायदा मी तोवर कधी वाचलेला नव्हता. ते वाक्य मात्र माझ्यावर काम म्हणून आलं आणि मी ते घरी घेऊन गेले.

दुसरा निर्णय : बोलायचं कसं

माझ्यासमोर जे रस्ते होते ते मी एका रात्रपाळीत वहीत लिहून काढले होते. सासूबाईंकडूनच विचारून घेणं, म्हणजे आजवर झालं तेच. नवऱ्याला बोलावणं, पण तोही दोघींच्या मधला, आणि ऑपरेशनचं ठरवण्यात तोही होता. मुलगी : तिला मी आता मध्ये घेणार नव्हते. तालुक्याजवळच्या मूकबधिर विद्यालयातले शिक्षक मदत करतील असं आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा कार्यकर्तीने, सुचवलं, पण ते पुरुष, आणि विषय पाळीचा. उरला शेवटचा रस्ता, स्वतः शिकायचा. मी तो धरला आणि तिथे चार दिवस घालवले.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश व्हिडिओच्या रूपात आहे. २०१८ मध्ये ३,००० शब्दांनी सुरू झाला, २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द झाले, त्यात वैद्यकीय शब्दही आहेत. मी मोबाइलवर बघून रक्त, औषध, दुखणं, पाळी, बाळ, ऑपरेशन असे तीस-एक शब्द बसवले. घरी आरशासमोर उभं राहून केले. पाचव्या दिवशी मोठ्या उमेदीने ताईच्या खाटेशी गेले, पडदा ओढला आणि हळूहळू एक वाक्य केलं.

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग माझ्या तोंडाकडे. मग तिने मान हलवली.

मला रडूच आलं, खरं सांगते. मी तिच्यासाठी एक भाषा शिकून आले होते आणि ती भाषा तिची नव्हतीच. सांकेतिक भाषा ही भाषा आहे, सगळ्या बहिऱ्या माणसांना जन्मतः येणारे हातवारे नव्हेत, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मराठी न ऐकलेल्या माणसाशी शुद्ध मराठीत बोलावं तसं मी केलं होतं.

दुसरी फजिती त्याच दिवशीची. मी कागदावर पिशवीचं चित्र काढलं, वर तोंड, खाली फुगीर, आणि तिच्या पोटाकडे बोट केलं. आम्ही ओपीडीत दिवसभर पिशवी, पिशवी म्हणतो. तो शब्द ऐकणाऱ्याला कळतो, कारण त्याने तो ऐकलेला असतो. ताईला दिसली ती बाजाराची पिशवी. तिने खाटेखालची आपली कापडी पिशवी काढून माझ्यापुढे धरली. अंगावरून जाणं, बाजूला बसणं, पिशवी खाली येणं, हे सगळे आपले झाकलेले शब्द कानावाटे शिकलेले आहेत. ज्याने ते ऐकलेच नाहीत त्याच्यासमोर ते उघडे पडतात आणि कुचकामी ठरतात.

तिसरा निर्णय : बधिर माणसाला बोलावणं

मूकबधिर विद्यालयातल्या शिक्षकांना मी अखेर फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘बाई शाळेत गेलेली आहे का?’ नाही म्हटल्यावर म्हणाले, मग मी येऊनही उपयोग थोडा, तुम्हाला बधिर बाईच लागेल. त्यांची एक माजी विद्यार्थिनी तालुक्यातच ब्लाउज शिवायचं काम करते. सातवीपर्यंत शिकलेली, सांकेतिक भाषा पक्की, मराठी थोडकं लिहिते-वाचते. मी तिला इथे शिलाईवाल्या बाई म्हणेन.

त्या दुपारी आल्या. खांद्याला टेप तसाच होता. सासूबाईंना मी चहाला बाहेर पाठवलं, हे मुद्दाम, आणि मुलीला आशाताईंबरोबर बाकावर बसवलं. मी मात्र वही घेऊन आत थांबले. शिलाईवाल्या बाईंनी सलाईनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ताईचा उजवा हात उचलून मला दाखवला. सुई उजव्या हाताच्या मनगटाशी लावलेली होती आणि पट्टीने हात फळीला बांधलेला. दोन सलाईनच्या दिवसांत ताई गप्प होती, मी समजत होते अशक्तपणा आहे. आम्ही तिचं बोलणंच बांधून ठेवलं होतं. सुई डाव्या हाताला घेतली.

पुढचा अर्धा तास त्या दोघी बोलल्या आणि मला काही कळलं नाही. शिलाईवाल्या बाईंनी शब्दकोशातली एकही खूण सुरुवातीला वापरली नाही. त्या आधी ताईच्या खुणा बघत होत्या, त्याच परत करून दाखवत होत्या, मधूनच आपली एखादी घालत होत्या. लेकरं किती, घर कुठे, नवरा कसा. ताई एकदा मोठ्याने हसली. तो आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. आपल्यासारखी, न ऐकणारी, संसार करणारी, कमावणारी बाई तिने त्याआधी पाहिली नव्हती, हे नंतर कळलं.

मग कामाचं बोलणं निघालं. ‘कधीपासून’ हा प्रश्न सगळ्यांत अवघड होता, कारण ताईकडे तारखा नव्हत्या. पण तिच्याकडे काळ मोजायची आपली रीत होती. डाव्या मुठीत ऊस धरल्यासारखा करून उजव्या हाताने बुडाशी घाव घालायचा, ही एका हंगामाची खूण. धाकट्या लेकराचं वय ती जमिनीपासून तळहात उंचावून दाखवायची. तिने केलं ते असं : पोट मोठं, बाळ बाहेर, बाळ छातीशी. रक्त नाही. मग कोयता. त्या कोयत्यातच रक्त, कपड्यांवर कपडे, ओटीपोटावर मूठ. परत कोयता, तेच. आणि बाळाच्या आधी? तिने चार बोटं दाखवली आणि हात झटकला. चार दिवस, काही त्रास नाही.

शिलाईवाल्या बाईंनी माझ्या वहीत लिहिलं : ‘बाळ आला नंतर रक्त खूप. आधी रक्त कमी ४ दिवस. आता ९ दिवस.’

एवढ्या तीन ओळींसाठी आम्ही आठ दिवस अडून होतो. बाळंतपणाचं कार्ड आशाताईंनी घरून शोधून आणलं. दुसऱ्या एका दवाखान्यात बाळंतपण झालं होतं, आणि कार्डाच्या मागच्या बाजूला, प्रसूतीनंतर लगेच कॉपर-टी बसवल्याची नोंद होती. संमतीच्या जागी नवऱ्याची सही. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘कागदावर सही करा म्हणले, केली.’ अंगावर पाजत होती तोवर पाळी आली नाही. ती परत आली हंगामात, कोपीत असताना, आणि कॉपर-टीमुळे जास्त जायला लागलं. कॉपर-टीने पाळीत रक्त वाढणं, ओटीपोटात कळा येणं हे नेहमीचं आहे. ज्या बाईला सांगितलेलं असतं ती परत येऊन दाखवते. हिला सांगितलंच नव्हतं.

मी ट्रेमधली नवी कॉपर-टी, पाकिटातली, तिच्या हातावर ठेवली. तिने ती उलटसुलट केली, तांब्याच्या तारेवर नख फिरवलं, धागा ओढून पाहिला. शिलाईवाल्या बाईंनी ती तिच्या ओटीपोटापाशी नेली. ताईच्या भुवया वर गेल्या. तिने स्वतःच्या पोटाकडे बोट केलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने वस्तू खाटेवर ठेवली आणि बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसली. आम्ही दोघी थांबलो.

चौथा निर्णय : उपचार कोणता, आणि कुणी ठरवायचा

मॅडमच्या पुढच्या ओपीडीच्या दिवशी शिलाईवाल्या बाई पुन्हा आल्या. त्याआधी मी त्यांना विचारून घेतलं होतं की इथे कळलेलं इथेच राहील ना, आणि ताईलाही विचारलं होतं की त्या असल्या तर चालेल ना. ताईने त्यांचा हातच धरला.

कॅन्सरच्या भीतीचा निकाल आधी लावला. गर्भाशयाच्या तोंडाची व्हीआयए तपासणी, म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघायची, ती ठीक आली. जंतुसंसर्ग होता, त्याचं औषध ताईला आणि नवऱ्यालाही दिलं. मग पर्याय. कॉपर-टी ठेवून रक्त कमी करणाऱ्या आणि लोहाच्या गोळ्या घेत राहायचं. कॉपर-टी काढून दुसरं साधन घ्यायचं. किंवा गर्भपिशवी काढायची.

शिलाईवाल्या बाईंनी पिशवीचं चित्र काढलं नाही. ओटीपोटावर तळहात ठेवला, बाळ तिथे वाढल्यासारखा हात फुगवला, बाळ बाहेर आणलं आणि त्या जागेवर पुन्हा तळहात टेकवला. ताईला ती जागा कळली. ती आख्खी उपटून टाकायची खूण वेगळी, वाकड्या बोटाने नुसती टी ओढून काढायची खूण वेगळी.

इथे मॅडमनी एक गोष्ट केली ती मला महत्त्वाची वाटते. आम्हा सगळ्यांचं मन कॉपर-टी काढण्याकडे होतं, आणि तेच हातांतून, चेहऱ्यांतून दिसत असणार. खुणांनी बोलताना चेहरा हाच अर्धा बोल असतो, त्यामुळे रुग्णाला ढकलणं फार सोपं. मॅडम म्हणाल्या, ऑपरेशनची चांगली बाजूही सांगा. मग सांगितलं : पाळी कायमची बंद, खाडा नाही. आणि दुसरी बाजू : पोटावर टाके, किमान दीड महिना वजन उचलायचं नाही, मूल पुन्हा कधीच नाही, अंडाशयही काढले तर कमी वयात हाडं ठिसूळ व्हायला लागतात. ताईने विचारलं की मोळी? मोळी उचलायची नाही, दीड महिना. तिने पुन्हा विचारलं, आपली खूण करून, मोळी खांद्यावर घेऊन शिडीवर चढल्यासारखी.

मग आम्ही तिला सांगितलं की आता तू आम्हाला सांग, काय काय होणार. तिने दोन्ही करून दाखवलं, आपल्या खुणांत, न चुकता. उपटून टाकण्यापाशी हात आडवा हलवला. टी ओढून काढण्यापाशी छातीवर थाप मारली. आणखी मूल? तीन बोटं, मग हात कापल्यासारखा खाली.

संमतीपत्रावर तिचा अंगठा घेतला. खाली, हे कुणी, कोणत्या खुणांनी समजावलं आणि तिने उलट कसं सांगितलं, ते मी चार ओळींत लिहिलं. साक्षीदार म्हणून शिलाईवाल्या बाईंची सही.

सासूबाई या सगळ्यावर रुसल्या होत्या. ‘इतकी वरसं मी बोलले, ते खोटं का?’ असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मावशी, तुम्ही खोटं बोलला नाहीत, पण कोपीत रात्री तिचं किती जातं ते तुम्हाला कुठून दिसणार, तुम्ही तर इथे लेकरं सांभाळत होता. त्या काही बोलल्या नाहीत. काढायच्या वेळी मात्र दाराशी उभ्या राहिल्या.

कॉपर-टी निघायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मी ती पिवळ्या पिशवीत टाकायला वळले तर ताईने माझं मनगट धरलं. तिला बघायची होती. ट्रेमध्ये ठेवून दाखवली. तिने हातावरच्या नव्या टीशी मनात ताडून पाहिल्यासारखं केलं, धागा कुठे आहे ते पाहिलं, आणि मग माझा हात सोडला.

दुसरं साधन म्हणून तिने छाया ही गर्भनिरोधक गोळी निवडली. पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. तोवर निरोध. वार लक्षात कसे ठेवायचे याचं उत्तर तिनेच दिलं. सोमवारी गावचा आठवडी बाजार, ती एक गोळी. दुसरी गुरुवारी, त्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरावर हळदीचा ठिपका.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी पाळी चार-पाच दिवसांवर आली होती, हिमोग्लोबिन १०.४. पांढरं पाणी थांबलं. ओटीपोटात अजून कधीतरी दुखतं, त्याचं कारण पूर्ण सापडलेलं नाही, मोळ्या वाहणाऱ्या बाईचं ते दुखणं असू शकतं. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेबद्दल तिने विचारलं आणि पुढच्या हंगामानंतर बघू असं सांगितलं. दिवाळीनंतर निघण्याआधी ती एकटी आली, सासूबाईंशिवाय. आठवड्याला एक याप्रमाणे पाच महिन्यांच्या गोळ्या मोजून घेतल्या आणि टोळीतल्या एका बाईचंही जास्त जातं, असं मला सांगून गेली. ते मला कुणाच्या मदतीशिवाय कळलं.

रुग्णालयात काही गोष्टी बदलल्या. केसपेपरवर ‘मुकी’ लिहिणं थांबलं. त्या जागी ‘ऐकू येत नाही, बोलणं : घरच्या खुणा / सांकेतिक भाषा / लिहून’ यातलं एक लिहितो. अशा रुग्णाची खाट ड्यूटी टेबलासमोर, इन्व्हर्टरच्या दिव्याखाली ठेवतो, कारण वीज गेली की तिचं बोलणंही जातं, आणि अंधारात कुणी एकदम हात लावला की माणूस दचकून उठतो. सुई लावण्याआधी कोणत्या हाताने बोलतेस, हे विचारतो.

आम्ही सहा जणी शिलाईवाल्या बाईंकडून शिकायला लागलो, आठवड्यातून दोनदा, दुपारी दोनला ड्यूटी बदलते तेव्हा. त्यांचा पहिला नियम, तोंडातून आवाज काढायचा नाही. पहिल्याच दिवशी मी विसरून ‘पोट दुखतं का’ असं ओठांनी म्हटलं आणि त्यांनी आपलं बोट पुढे केलं. पोट आणि बोट ओठांवर एकसारखंच दिसतं. ‘मोठ्याने, सावकाश बोललं की बहिऱ्याला कळतं’ ही समजूत तिथे संपली. दुखण्याची खूण जिथे दुखतं तिथे नेऊन करायची, म्हणजे अर्धं वाक्य जागाच सांगते. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, नकारही शेवटी. मराठीत आपण ‘दुखत नाही’ म्हणतोच, त्यामुळे ते लवकर बसलं. हो-नाहीचा प्रश्न भुवयांनी विचारायचा, हे बसायला महिना गेला. आम्ही दवाखान्यात चेहरा कोरा ठेवायला शिकलेल्या बायका.

त्यांना मानधन रुग्ण कल्याण समितीतून मिळावं म्हणून अर्ज केला. मंजूर व्हायला चार महिने लागले. तोवर आम्ही आपसांत वर्गणी काढली.

वेगळं काय करता आलं असतं

बधिर माणसाला पहिल्या दिवशी फोन करायला हवा होता. मी व्हिडिओ बघत चार दिवस घालवले ते वाया गेले असं म्हणणार नाही, ते शब्द आज शाळेत शिकलेल्या रुग्णांशी बोलताना कामी येतात. पण ताईला शाळा नाही, हे तिच्या घरच्यांना एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं. शिक्षकांनी तोच प्रश्न पहिला विचारला.

बाळंतपणाचं कार्ड पहिल्याच दिवशी मागवायला हवं होतं. अहवालात कॉपर-टीची ओळ होती, कार्ड घरी पेटीत होतं, आशाताईंना एक फेरी पुरली असती. संवाद अडला म्हणून आम्ही कागदही अडवून ठेवले.

नवऱ्याला आम्ही उशिरा आत घेतलं. सासूबाईंना बाहेर पाठवताना मी चहाचं निमित्त केलं, त्याऐवजी सरळ सांगायला हवं होतं की हे तिच्याशी एकटीशी बोलायचं आहे. त्यांचा रुसवा त्या निमित्तामुळे जास्त वाढला असं मला वाटतं. बाळंतपण झालेल्या दवाखान्याला आम्ही लेखी कळवलं नाही, फक्त मॅडम तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. लेखी जायला हवं होतं. तिथे तशाच सह्या अजून होत असतील.

रात्रपाळीचा प्रश्न सुटलेला नाही. सहापैकी दोघींची बदली झाली, आता शिकलेल्या चार जणी आहेत, आणि रात्री आठ ते सकाळी आठ त्यांतली एकजण असेलच असं नाही. शिलाईवाल्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर यायची तयारी दाखवली आहे, पण वॉर्डात रेंज खिडकीपाशीच मिळते. म्हणून ती खाट आता खिडकीला सरकवली आहे.

आणि ती मुलगी. दाखल होण्याच्या त्या दिवसांत ती रोज आईबरोबर दवाखान्यात होती, शाळा बुडवून. तिच्या हजेरीचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. शिलाईवाल्या बाई दुसऱ्यांदा आल्या त्या दिवशी ती बाकावरून उठून मला विचारायला आली, ‘मॅडम, आता माझं काम नाही ना?’ मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.